उपासनेला कोण येत नाही?

मंडळीची सभासद नोंदवही काढा. पाळकसाहेब, सेक्रेटरी आणि महिला मंडळातली एखादी जुनी कार्यकर्ती असे तिघे-चौघे तासभर बसा, आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावापाशी थांबून एवढेच विचारा: या घरातले उपासनेला कोण येत नाही? आधी नोकरीसाठी बाहेरगावी गेलेले, रुसलेले, दुसरीकडे जाऊ लागलेले असे लोक निघतील. मग हळूहळू दुसरी नावे येऊ लागतील. अर्धांगवायू झाल्यापासून घराबाहेर न पडलेले निवृत्त शिक्षक. काहीच ऐकू येत नाही, मग येऊन काय करू, असे म्हणणाऱ्या आजी. संडे स्कूलमध्ये ओरडतो म्हणून ज्याला आणणे बंद झाले तो मुलगा, आणि त्याच्यामुळे एका रविवारी आई तर दुसऱ्या रविवारी बाप, असे आळीपाळीने येणारे त्याचे आईवडील. बाप्तिस्म्याच्या रकान्यात नाव आहे पण दृढीकरणाच्या रकान्यात ते कधी चढलेच नाही, असा तिशीतला तरुण. तुमच्या कामाची यादी हीच. रॅम्प, ब्रेल, खुणांची भाषा यांचा विचार या यादीनंतर करायचा.

बहुतेक ठिकाणी काम दुसऱ्या टोकाने सुरू होते. ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. त्या आठवड्यातल्या रविवारी जवळच्या संस्थेतल्या मुलांना बोलावले जाते, ती गाणे म्हणतात, त्यांना केक आणि ब्लँकेट दिले जाते, फोटो निघतात. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे राहणारा आपलाच सभासद, जिना उतरवायला कोणी नाही म्हणून घरी बसलेला असतो. पाहुण्यांचा मान राखणे सोपे असते. घरच्या माणसासाठी घराची मांडणी बदलावी लागते, आणि तिथे आपण कमी पडतो.

मराठी ख्रिस्ती समाजाला या सेवेची परंपरा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. त्याआधीच, १८८०च्या दशकात, कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत बधिर मुलांची शाळा सुरू झाली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन उभे केले आणि त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल शिकवले. अचलपूरजवळ कोठारा, तिकडे मिरज, अशा ठिकाणी कुष्ठरुग्णांसाठी मिशनची रुग्णालये झाली. हे काम थोर होते. इतर कोणी हात लावायला तयार नव्हते तेव्हा ते झाले. पण त्याचा एक परिणाम असा झाला की अपंग माणसाची जागा संस्थेच्या आवारात, हे आपल्या मनात पक्के बसले. तिथे आपण पैसे पाठवतो, नाताळात भेटी नेतो. रविवारच्या उपासनेचे बाक मात्र शंभर वर्षांत इंचभर हलले नाही.

खुद्द रमाबाईंना कमी ऐकू येत असे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर होण्याचा त्यांचा इरादा होता. बहिरेपणामुळे तो सोडावा लागला. पुढे त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या माणसाला कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणले, आणि १९२२ साली मरण येण्याच्या थोडे आधी ते काम पुरे केले. यादीतल्या आजींना भेटायला जाताना हे लक्षात ठेवा. आपण कोणा गरजवंताकडे निघालो आहोत असे वाटू देऊ नका. मंडळीजवळ असायला हवे असे काहीतरी त्या घरात अडकून पडले आहे, ते परत आणायला निघालो आहोत.

भेटायला जाताना प्रार्थनेचा ताफा नेऊ नका. दोघे जा, बसा, चहा घ्या आणि विचारा. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांनाच दिसत होते, तरीही येशूने काय हवे ते त्याच्याच तोंडून वदवून घेतले. आपण मात्र शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारतो, “यांना जेवायला काय चालतं?” प्रश्न त्या माणसालाच विचारा, उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, वाक्य आपण पुरे करू नका. “उपासनेला यायला काय आड येतं?” या प्रश्नाची उत्तरे बहुधा कल्पनेपेक्षा वेगळी निघतात. तुम्ही रॅम्पचा विचार करत असता आणि समोरच्याची अडचण असते ती उपासनेच्या अडीच तासांत वापरता येईल अशा संडासाची. कोणाला रिक्षाचे भाडे परवडत नाही. कोणाला यायचे असते, पण मागच्या खेपेस कोणीतरी सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, तेव्हापासून मन धजत नाही.

इमारतीबद्दल थोडे

अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आपल्या पंचकमिट्यांनी वाचलेला नसतो. त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात धार्मिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या खासगी इमारतीही येतात. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगविषयक कायद्याने चर्चना सूट दिली. आपल्याकडे तशी सूट नाही. म्हणजे देवळात, मशिदीत आणि चर्चमध्ये चाकाच्या खुर्चीला वाट असणे ही कोणाची मेहेरबानी नाही. नवे चर्च किंवा पॅरिश हॉल बांधायला काढला असेल तर नकाशा मंजुरीला जाण्याआधीच हे पाहा. बांधून झाल्यावर तोडफोड दुप्पट महाग पडते.

रॅम्प हौसेने बांधले जातात आणि बरेचसे वापरण्याजोगे नसतात. नियम सोपा आहे: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट रॅम्प लागेल. जागा नाही म्हणून तो सहा फुटांत बसवला, तर त्यावरून खुर्ची ढकलणारा आणि खुर्चीतला दोघेही पडतील. रुंदी निदान तीन-चार फूट ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा द्या, आणि चकचकीत फरशी लावू नका. पावसाळ्यात तिच्यावर धडधाकट माणूसही घसरतो. जुन्या दगडी चर्चच्या दर्शनी पायऱ्यांना हात लावायचा नसेल तर बाजूच्या दाराचा विचार करा. मात्र मग ते दार उपासनेच्या आधी उघडलेले असले पाहिजे. किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार गावाला, असे होऊ देऊ नका.

आत आल्यावर खुर्ची कुठे ठेवायची? बहुतेक चर्चमध्ये एकतर मधल्या वाटेत, जिथे ती सगळ्यांना अडते, नाहीतर सगळ्यात मागे. सुताराला बोलावून मधल्या कुठल्याही ओळीतल्या एका बाकाचे टोक तीन फूट कापून घ्या. खर्च किरकोळ आहे. त्यामुळे नवरा खुर्चीत आणि बायको-मुले शेजारच्या बाकावर, असे कुटुंब एकत्र बसते. माझ्या मते एका मंडळीने या वर्षी एकच गोष्ट करायची ठरवली तर ती हीच करावी.

कान आणि डोळे

आपल्या मंडळ्यांमध्ये कमी ऐकू येणारे लोक बाकी सर्व अपंगत्वांच्या मानाने जास्त असतील, कारण आपली मंडळी वयाने वाढते आहे. आवाज वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. उंच छताच्या दगडी इमारतीत आवाज घुमतो, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्याला तो नुसता कालवा वाटतो. माइक तोंडापासून योग्य अंतरावर धरा, सावकाश बोला, “माझा आवाज मोठा आहे, माइक नको” असे कोणालाही म्हणू देऊ नका. ज्यांना कमी ऐकू येते ते ओठांकडे पाहून बरेच काही समजून घेतात. म्हणून उपदेशकाच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर पडदा लावा, नाहीतर चेहरा काळोखात जातो. उपदेशाचे मुद्दे एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून दारापाशी ठेवा. हे कागद सगळेच उचलतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही त्यांची गोष्ट निराळी. त्यांची भाषा खुणांची असते आणि तिला स्वतःचे व्याकरण असते. आई घरी हातवारे करून सांगते तेवढ्यावर उपदेश समजत नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत भारतीय खुणांच्या भाषेचे वर्ग चालतात. मंडळीतल्या दोन तरुणांना मंडळीच्या खर्चाने तिथे पाठवा. एकाला नव्हे, दोघांना. एकट्याचे लग्न झाले, बदली झाली की काम बंद पडते. आणि त्या तरुणांनी पहिले काम म्हणून वेदीशेजारी उभे राहून भाषांतर करण्यापेक्षा त्या बधिर सभासदाशी उपासनेनंतर अर्धा तास गप्पा माराव्यात. लोक चर्चला उपदेशासाठी येतात तितकेच नंतरच्या अंगणातल्या बोलण्यासाठी येतात.

अंध सभासदांसाठी आता सर्वांत मोठी सोय मोबाइलवर आहे. फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, मराठी बायबल ऐकता येते. पण मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर आपण सूचना फोटो काढून टाकतो, आणि फोनला बहुतेकदा फोटोतली अक्षरे वाचता येत नाहीत. रविवारची गीते, वाचनाचे अध्याय, सभेची वेळ, हे सारे टाइप करून टाका. शनिवारी संध्याकाळी गीतांचे शब्द मिळाले तर अंध माणूस ती ब्रेलमध्ये उतरवून किंवा पाठ करून रविवारी तुमच्याबरोबर पहिल्या ओळीपासून गाईल. भेटल्यावर “ओळखलंत का मला?” अशी परीक्षा घेऊ नका. “सलाम काका, मी अमुक” म्हणा, आणि निघताना निघालो म्हणून सांगा. रस्ता दाखवताना त्यांचा हात धरून ओढू नका. आपला कोपर पुढे करा, धरायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.

प्रभुभोजन आणि दृढीकरण

वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यापैकी पुष्कळ जण प्रभुभोजनाच्या रविवारीच यायचे टाळतात. पाळकांनी आधीच जाहीर करावे की उभ्यानेही चालेल आणि बसल्या जागीही. बसलेल्यांना शेवटी, सगळे आटोपल्यावर देऊ नका. वेदीवरून उतरून आधी त्यांच्याकडे जा. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांची बोटे वाकलेली असली तर चषक धरता येत नाही. भाकर द्राक्षरसात बुडवून द्या. औषधोपचार घेतलेल्या माणसापासून रोग पसरत नाही, हे एकदा उपदेशातून स्पष्ट सांगून टाका. कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्तांना घेतले आहे, पण आपल्या कित्येक मंडळ्यांत अजून त्यांच्या मागचा चषक घ्यायला लोक कचरतात.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे दृढीकरण किंवा प्रथम कम्युनियन वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते, कारण दहा आज्ञा आणि प्रेषितांचा मतांगीकार पाठ होत नाही. कॅथॉलिक बांधवांसाठी हा प्रश्न उरलेला नाही: व्हॅटिकनने २०२० साली काढलेल्या धर्मशिक्षणाच्या निर्देशिकेत म्हटले आहे की अपंग व्यक्तींना संस्कार नाकारता येत नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही स्वतःला विचारावे, की बाकीच्या पोरांना जे पाठ येते त्यातले समजते किती? ही भाकर नेहमीची नाही, हे त्या मुलाला कळते का, एवढे पाहावे. ते चित्रांनी शिकवता येते, वेदीजवळ नेऊन, हातात देऊन शिकवता येते. संडे स्कूलच्या शिक्षिकेला त्यासाठी एक जोडीदार द्या, म्हणजे वर्ग चालू असताना एकीला त्या मुलाजवळ बसता येईल. ढोलकी आणि ड्रमसेटचा आवाज सहन होत नसलेल्या मुलासाठी चर्चमध्ये एक शांत कोपरा ठेवा. पण तो ओरडला म्हणून मागे वळून बघू नका. त्या एका नजरेने कुटुंबे चर्च सोडतात. उपदेशकानेही थांबून नाराजी दाखवू नये, बोलत राहावे.

बरे होण्याची प्रार्थना

हे सगळ्यांत नाजूक आहे, म्हणून यावर जरा थांबतो. आजारी आणि अपंग माणसासाठी प्रार्थना करणे हा मंडळीचा हक्क नव्हे, तर सेवा आहे, आणि सेवा विचारूनच करायची असते. “तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का, आणि कशासाठी करू?” असे विचारा. पंचविशीतली चाकाच्या खुर्चीतली मुलगी कदाचित म्हणेल, माझ्या नोकरीच्या मुलाखतीसाठी करा. मग नोकरीसाठीच करा. तिच्या पायांवर घसरू नका.

शिष्यांनी जन्मांधाकडे बघून पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे विचारले होते. येशूने दोन्ही उत्तरे नाकारली; योहानाच्या नवव्या अध्यायात हे आहे. तरी आजही मुलाच्या आईला सांगितले जाते की घरात काही कबूल न केलेले पाप असेल, किंवा विश्वास कमी पडतो आहे. असे बोलणाऱ्याला पाळकांनी तिथल्या तिथे थांबवावे, मग तो पाहुणा उपदेशक का असेना. पौलाने आपला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो राहिला. त्याचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही.

फिट येणाऱ्या किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाला भूत लागले आहे असे ठरवून उपवास-प्रार्थनेत बसवले जाते, गोळ्या बंद करायला सांगितले जाते. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर लागोपाठ झटके येऊन माणूस दगावू शकतो. भूत काढण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मग ते येशूच्या नावाने केले तरीही. उपासनेत कोणाला फिट आलीच तर कांदा, चप्पल नाकाशी धरू नका, तोंडात चमचा घालू नका, घट्ट धरून ठेवू नका. आजूबाजूची बाके सरकवा, डोक्याखाली घडी केलेली शाल ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर दवाखान्यात न्या. हे दर रविवारी दारात उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांना शिकवून ठेवा.

जबाबदारी आणि जपणूक

माणूस मंडळीचा झाला हे कधी समजायचे? तो आला नाही तर काम अडते तेव्हा. म्हणून यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या आवडीचे आणि कुवतीचे खरे काम द्या. अंध तरुणीला ब्रेलवरून शास्त्रवाचन, खुर्चीतल्या काकांना वर्गणीचा हिशेब, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला दारात गीतपुस्तके वाटणे. शास्त्रवाचनाचा मंच तीन पायऱ्या चढून असेल तर वाचन खालूनच होऊ द्या, सगळ्यांचेच. पंचकमिटीच्या निवडणुकीला एक तरी अपंग सभासद उभा राहील असे पाहा, कारण रॅम्पचा ठराव मांडायला त्याच्याइतका जाणकार माणूस मिळणार नाही. कॅथॉलिक चर्चच्या १९१७ च्या संहितेत शारीरिक व्यंग हे पुरोहित होण्याच्या आड येत असे. १९८३ च्या संहितेतून ती अट गेली. आपल्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयांनीही अपंग उमेदवारांचे अर्ज त्याच खुल्या मनाने पाहावेत.

जपणुकीचे नियमही कागदावर हवेत. कोणत्याही मुलाबरोबर किंवा परावलंबी माणसाबरोबर एकटा सेवक बंद खोलीत असू नये, स्वच्छतागृहात मदत कोणी करायची ते कुटुंबाने ठरवावे, तक्रार कोणाकडे करायची ते सूचनाफलकावर असावे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबरोबर राहणाऱ्या ‘लार्श’ या जगभर नावाजलेल्या चळवळीचे संस्थापक जाँ व्हानिए यांना लोक संत मानत. त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्याच संस्थेच्या चौकशीत २०२० साली बाहेर आले. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, तरी धडा आपल्यासाठी आहेच: माणसाच्या पुण्याईवर विसंबून नियम सैल करायचे नसतात.

राहिला आईवडिलांचा प्रश्न, जो ते सहसा बोलून दाखवत नाहीत: आमच्यानंतर काय? मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र नसेल तर सवलतींची दारे बंद राहतात, आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयात दोन-तीन खेपा पडतात. मंडळीतल्या एखाद्या निवृत्त कारकुनाने हे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घेतले तर ती पाळकसेवेइतकीच मोठी सेवा होईल. आणि अर्जाबरोबर आणखी एक गोष्ट आजच करा: मंडळीतली दोन कुटुंबे निवडून त्या मुलाची त्यांच्याकडे महिन्यातून एका रविवारी जेवायला जायची सवय लावा. त्याला काय आवडते, कशाने तो घाबरतो, रात्री दिवा चालू लागतो का, हे आईकडून लिहून घ्या आणि ती वही त्या दोन्ही घरांत ठेवा.